टेप उभा धरला की रेघा दुहेरी दिसतात

ताईंचं पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

"मॅडम, माझं वय ६१. सांगली जिल्ह्यात राहते, ३५ वर्षं झाली ब्लाउज शिवते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. तीन-तीन ड्रॉप्स घालूनही उजव्या डोळ्याचं प्रेशर २८ च्या खाली येईना म्हणून सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन केलं, कागदावर ट्रॅबेक्युलेक्टॉमी लिहिलंय. ऑपरेशनच्या आधी मला ना दुखत होतं ना खुपत होतं, चांगलं दिसत होतं. आता त्या डोळ्याने सगळ्याला सावली दिसते. गंमत नाही सांगत, गिऱ्हाइकाचं छाती-कंबरेचं माप घेताना टेपवरचे आकडे-रेघा नीट दिसतात, पण उंचीचं माप घ्यायला टेप उभा सोडला की रेघा दोन-दोन होतात, एकात एक मिसळतात. पोथी वाचताना अक्षरावरची रेघ जाड दिसते. तिसऱ्या आठवड्यात गावातल्या चष्म्याच्या दुकानातून घाई करून नवीन चष्मा केला, तो आठ दिवस बरा वाटला आणि आता घातला की जमीन तिरकी दिसते, डोकं धरतं. दोन कागद आहेत, दोघांवर नंबर वेगळे. म्हणजे कुणीतरी चुकलंच ना? शेजारी म्हणतात चांगला डोळा घालवून बसलात. डॉक्टर डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन लागेल म्हणतायत, घरचे म्हणतात आता अजिबात करायचं नाही. मुलगी म्हणते मोतीबिंदू सुरू झालाच आहे तर तो आत्ताच काढून भारीतली नंबरवाली लेन्स टाकून घे, सगळं एकदम मिटेल. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि कागदांचे फोटो मोठे करकरून बघितले. मी सर्जन नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे काचबिंदूच्या ओपीडीत बसून नंबर काढणारी, आणि ऑपरेशननंतर "चष्मा काढून द्या हो, दिसत नाही" म्हणत येणारे पेशंट शेवटी माझ्याच समोरच्या खुर्चीत बसतात. तुमच्यासारखं बोलणारे इतके ऐकलेत की तुमचं पत्र वाचताना मला तुमचा आवाजच ऐकू येत होता. तर आधी उत्तर, मग बाकीचं, कारण तुम्हाला झोप लागत नाहीये. कागदांवरून जे दिसतंय त्यात तुमचा डोळा गेलेला नाही, ऑपरेशन फसलेलं नाही आणि नंबर काढणाऱ्या दोघांपैकी कुणीही चुकलेलं नाही. तुमच्या बुबुळावरच्या काचेचा आकार टाक्यांमुळे थोडा ओढला गेला होता आणि आता तो हळूहळू सैल होतोय, एवढंच झालंय.

तुम्ही टेपची गोष्ट लिहिलीत ना, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसले. आम्ही मशीन लावून जे शोधतो ते तुम्ही टेपने शोधलंय. टेप आडवा धरला की त्यावरच्या रेघा उभ्या असतात, त्या तुम्हाला स्वच्छ दिसतात. टेप उभा सोडला की त्याच रेघा आडव्या होतात आणि त्या फाटतात. पोथीतही तेच, काना नीट दिसतो आणि शिरोरेषा जाड होते. म्हणजे तुमच्या डोळ्याला सगळंच धूसर दिसत नाहीये, फक्त एका दिशेच्या रेघा धूसर दिसतायत, आणि हे एकाच गोष्टीचं लक्षण आहे, सिलिंडर नंबरचं, ज्याला अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. डोळ्यामागची नस खराब झाली म्हणून असं होत नाही, नस खराब झाली की नजरेतला एखादा भाग गळतो, रेघ दुहेरी होत नाही.

आता हे झालं कसं ते सांगते, तुमच्याच धंद्यातल्या शब्दांत सांगते कारण मला खरंच दुसरं इतकं चपखल काही सुचत नाही.

डोळ्याच्या आत एक पातळ पाणी सतत तयार होत असतं, अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी, दिवसभरात जेमतेम अर्धा चमचा. ते जितकं तयार होतं तितकं बाहेर गेलं पाहिजे, नाही गेलं की प्रेशर चढतं आणि मागची नस हळूहळू मरत जाते, आणि हे सगळं न दुखता. ट्रॅबेक्युलेक्टॉमीमध्ये त्या पाण्याला नवीन वाट करून देतात. हे ऑपरेशन १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स नावाच्या सर्जनने मांडलं आणि आजही जगभर काचबिंदूच्या मुख्य ऑपरेशनांत ते धरलं जातं. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन-चार मिलीमीटरचा एक पातळ पदर उचलतात, खिशाच्या फ्लॅपसारखा, अर्ध्या जाडीचा. त्याच्याखाली आतपर्यंत एक बारीक भोक करतात. मग तो फ्लॅप परत बसवून टाके घालतात. दोरा नायलॉनचा, १०-० नंबरचा, तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याहून बारीक, उघड्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

आता तुम्ही मला सांगा, पातळ कापडावर, समजा शिफॉनवर, मशीनचं टेन्शन घट्ट ठेवून शिलाई मारली तर काय होतं? शिलाई गोळा होते, आणि चुणी फक्त शिलाईजवळ नाही राहत, कापड पार मधल्यापर्यंत ओढलं जातं. डोळ्यावर अगदी हेच होतं. टाके बारा वाजताच्या जागी, वर, असतात. ते घट्ट असले की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच, उभ्या दिशेने ओढली जाते आणि मध्यभागी उभ्या दिशेतलं वळण जास्त होतं. आधी ती काच बऱ्यापैकी चेंडूसारखी होती, आता चमच्याच्या पाठीसारखी झाली, एका दिशेत जास्त वाकलेली, दुसऱ्या दिशेत कमी. उजेड एका दिशेत आधी जुळतो आणि दुसऱ्या दिशेत नंतर, म्हणून एक रेघ स्वच्छ, दुसरी फाटकी. टाक्यांखेरीज अजूनही कारणं असतात, रक्त थांबवायला शेक देतात त्याने तिथला पदर थोडा आखडतो, वर पाण्याचा जो फुगा तयार होतो तो मोठा असला तर त्याचा आणि वरच्या पापणीचा दाब पडतो. पण सुरुवातीच्या आठवड्यांत मोठा वाटा टाक्यांचाच.

आणि फरक किती लागतो म्हणाल तर, कॉर्नियाच्या वळणाच्या त्रिज्येत ०.२ मिलीमीटरच्या आतबाहेर फरक पडला की एक नंबर येतो. तुमच्या हातात तर इतक्या बारीक फरकाचं माप येणारही नाही, टेपवर तेवढी रेघच नसते. सर्जनचा हात कितीही चांगला असो, इतकं तरी ओढलं जाणारच. या ऑपरेशननंतर अर्धा ते दोन नंबरच्या आसपास सिलिंडर येणं हे आम्ही रोज बघतो, काहींना त्याहून जास्त येतं, काहींना कळतही नाही.

मग तुम्ही म्हणाल टाके सैल का नाही घातले. मुद्दाम नाही घातले. पहिल्याच दिवशी फ्लॅप सैल ठेवला तर पाणी धो धो बाहेर जाईल, डोळा मऊ पडेल, प्रेशर इतकं खाली जाईल की मागच्या पडद्याला सुरकुत्या पडू शकतात, आणि ते दुखणं या सिलिंडर नंबरपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून सर्जन आधी घट्ट घालतात आणि मग जखम धरायला लागली की एकेक टाका सोडत जातात, कधी लेझरने आतल्या आत तोडतात, कधी टोक बाहेर ठेवलेला टाका चिमट्याने ओढून काढतात. तुम्ही ब्लाउजला आधी धावदोरा घालून ट्रायल घेता, मग बसला तसा उसवता, तसंच.

आता तुमचे ते दोन कागद.

पण त्यांच्याआधी फोटोतला तिसरा कागद, ऑपरेशनच्या आधीचा, त्यात उजव्या डोळ्याला सिलिंडर ०.५०, अॅक्सिस, म्हणजे त्या सिलिंडरची दिशा, ९०, चष्मा लावून ६/९, म्हणजे निरोगी डोळा नऊ मीटरवरून वाचतो ती ओळ तुम्ही सहा मीटरवरून वाचलीत. तिसऱ्या आठवड्याचा कागद, चष्म्याच्या दुकानातला, त्यात सिलिंडर २.२५ आणि अॅक्सिस १७५, नुसत्या डोळ्याने ६/२४. आणि सातव्या आठवड्याचा हॉस्पिटलचा, त्यात सिलिंडर १.२५, अॅक्सिस १८०. तुम्ही नंबर वेगळे बघून घाबरलात, पण मधली एक ओळ तुम्ही बघितली नाही, चौथ्या आठवड्याच्या फाइलच्या पानावर लिहिलंय, एक टाका काढला. टाका निघाला आणि एक नंबर उतरला. दुकानदाराने त्या दिवशी जो नंबर काढला तो त्या दिवशी बरोबरच होता, डोळाच नंतर बदलला. राग त्याच्यावर नको, फक्त त्याने तुम्हाला "मावशी, अजून थांबा" एवढं सांगायला हवं होतं, ते न सांगणं मला पटलेलं नाही.

अजून एक गोष्ट. त्याच तिसऱ्या आठवड्याच्या कागदाच्या कोपऱ्यात पेनाने बारीक अक्षरात "पीएच ६/९" लिहिलंय. पीएच म्हणजे पिनहोल, बारीक भोकाच्या काळ्या पट्टीतून बघायला लावतात ते. भोकातून बघितलं की काचेच्या वाकडेपणाचा परिणाम बराच गळून जातो. तुम्हाला नुसतं ६/२४ दिसत होतं आणि भोकातून ६/९, म्हणजे ऑपरेशनच्या आधी जेवढं होतं तेवढंच. ताई, हा कागद तुमच्या पर्समध्ये महिनाभर पडून होता आणि त्या कोपऱ्यातल्या चार अक्षरांत तुमचं उत्तर होतं. कुणी तरी ते बोट ठेवून वाचून दाखवायला हवं होतं, ओपीडीत गर्दी असते हे मला माहीत आहे, मी तिथेच असते, तरी वाईट वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत, तो मी फोटोत शोधला. सातव्या आठवड्याचं उजव्या डोळ्याचं प्रेशर १२. काचबिंदूच्या ड्रॉप्सशिवाय. २८ वरून १२. ऑपरेशन ज्यासाठी केलं होतं ते झालंय. हे ऑपरेशन नजर वाढवायला नसतंच, आहे ती नजर टिकवायला असतं, आणि हीच गोष्ट माणसाला गिळायला फार जड जाते, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली शेजारीण दुसऱ्या दिवशी "लख्ख दिसतंय" सांगत फिरते आणि तुम्ही न दुखणाऱ्या, चांगलं दिसणाऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून धूसर होऊन घरी येता. कुणालाही वाटेल फसलो.

आता पुढे काय.

चष्म्याची घाई नको. तिसऱ्या आठवड्याचा चष्मा उजव्या डोळ्यासाठी आता चुकीचा झालाय, सिलिंडर जास्त आहे, म्हणून जमीन तिरकी दिसते, तो बाजूला ठेवा, जुनाच वापरा. आकार बसायला साधारण तीन महिने लागतात, काहींना सहा महिने, वर्षसुद्धा. तुमच्या कागदावर मायटोमायसिन लिहिलंय, ते औषध ऑपरेशनच्या वेळी काही मिनिटं लावतात म्हणजे नवीन वाट व्रण येऊन बंद होऊ नये, पण त्याने जखम भरणं संथ होतं, त्यामुळे आकार स्थिरावायलाही वेळ लागू शकतो. अजून टाके काढायचे बाकी आहेत का हे सर्जनना विचारा, बाकी असतील तर आज केलेला चष्मा परत वाया. महिन्याच्या अंतराने दोन वेळा केरॅटोमेट्री करून घ्या, ते मशीन कॉर्नियाचं वळण मोजतं, दोन्ही वेळा आकडे जवळपास सारखे आले की मग चष्मा. तोपर्यंत अगदीच अडत असेल तर जुन्याच फ्रेममध्ये फक्त उजवी काच बदलून घ्या, साधी, लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेली प्रोग्रेसिव्ह वगैरे नको.

नजर धूसर असायला अजून दोन-तीन लहान कारणं असतात ती पण बघा. कागदावर अॅट्रोपिनचे ड्रॉप्स दिसतायत, त्याने बाहुली मोठी राहते आणि जवळचं धूसर दिसतं, ते बंद केल्यावरही काही दिवस परिणाम राहतो. आणि डोळे मिटून उघडले की क्षणभर स्वच्छ आणि परत धूसर असं होत असेल तर तो कोरडेपणा आहे, वर्षानुवर्षं ड्रॉप्स घातलेल्या डोळ्यांत तो बऱ्याचदा असतो, फुग्यामुळे पापणी नीट फिरत नसेल तर अजून वाढतो. तसं असेल तर सांगा, कोरड्या डोळ्यावर काढलेला सिलिंडरही चुकतो, आम्ही सुद्धा फसतो.

चष्मा करायला बसाल तेव्हा समोरच्याला सांगा की मी शिवणकाम करते. हे मी मुद्दाम सांगतेय. पुस्तक आपण फूटभर, सव्वा फुटावर धरतो, मशीनची सुई त्याहून लांब असते, आणि सुईत दोरा ओवायचा तर परत जवळ. तुम्ही न सांगता बसलात तर तुम्हाला पोथीचा नंबर मिळेल आणि मशीनवर मान पुढे काढून बसावं लागेल. शक्य असेल तर टेपनेच तुमच्या डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर मोजून घेऊन जा. आणि फ्रेम वाकडी नको. सिलिंडरच्या काचेला दिशा असते, ती थोडी फिरली तरी फायदा कमी होतो, ३० अंश फिरली तर फायदा पूर्ण संपतो, म्हणजे काच असून नसल्यासारखी. दिवसभर खाली मान घालून काम करणाऱ्यांची फ्रेम घसरते, एका कानावर वर चढते, मी कित्येकांचा नंबर न बदलता नुसती फ्रेम सरळ करून पाठवलंय. नवीन सिलिंडर चढला की पहिले आठ-दहा दिवस जिना उतरताना जपा, कठड्याला धरा.

कॉन्टॅक्ट लेन्स कुणी सुचवली तर नाही म्हणा. वर जो पाण्याचा फुगा आहे, आरशात वरची पापणी उचलली तर फिकट उंचवटा दिसेल, तीच नवीन वाट आहे, तिथलं आवरण पातळ असतं आणि लेन्स घासून जंतू आत जायचा धोका असतो. चोळायचं नाही, कितीही खाज आली तरी. आणि आता मी सगळ्यात गंभीर गोष्ट सांगते, ही आयुष्यभर लक्षात ठेवायची, सहा आठवड्यांपुरती नाही. डोळा लाल झाला, दुखायला लागला, चिकट पू आला, नजर एकदम उतरली, उजेड सहन होईना, किंवा नुसतं कोमट पाणी सतत गळायला लागलं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, उद्या नाही, "गिऱ्हाइकाचा ब्लाउज देऊन मग" नाही. फुग्याचं इन्फेक्शन काही तासांत डोळ्याच्या आत जाऊ शकतं. सिलिंडरची सावली ही थांबून बघण्याची गोष्ट आहे, लाली आणि दुखणं ही थांबून बघण्याची गोष्ट नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मोतीबिंदूचं. मुलीचा विचार प्रेमाचा आहे पण वेळ चुकीची आहे. नंबरवाली लेन्स, म्हणजे टॉरिक, ती कॉर्नियाच्या वाकडेपणाचं माप घेऊन एका ठरावीक दिशेत बसवतात. तुमचं माप चार आठवड्यांत एका नंबरने बदललंय. आज माप घेऊन लेन्स टाकली आणि सहा महिन्यांनी कॉर्निया बसली की लेन्स चुकीच्या मापाची ठरेल, आणि ती काही ब्लाउज नाही उसवून परत शिवायला. शिवाय प्रेशर उतरलं की डोळ्याची लांबीही अगदी किंचित कमी होते, लेन्सचा नंबर काढताना तेही धरावं लागतं. आणि अजून एक, नवीन वाट तयार होऊन सात आठवडेच झालेत, त्यात दुसरं ऑपरेशन केलं की सूज येऊन ती वाट बंद व्हायची भीती असते, म्हणून शक्य तेव्हा सर्जन साधारण सहा महिने तरी थांबतात. या ऑपरेशननंतर मोतीबिंदू जरा लवकर वाढतो हे खरं आहे, त्यामुळे तो काढायची वेळ येईल, पण तेव्हा कॉर्निया स्थिर असेल आणि लेन्स मापात बसेल.

राहिला डावा डोळा, आणि मला वाटतं पत्र तुम्ही खरं तर यासाठीच लिहिलंय.

एक गृहस्थ आठवतात, निवृत्त तलाठी, अक्षर इतकं सुंदर की केसपेपरवर सही केली तरी बघत राहावं. त्यांच्या एका डोळ्याचं हेच ऑपरेशन झालं होतं, दीडेक नंबर सिलिंडर आला, दुहेरी दिसायला लागलं, लोकांनी सांगितलं डोळा घालवला, त्यांनी हॉस्पिटल बंद केलं, ड्रॉप्स बंद केले, दुसऱ्या डोळ्याचं नावच काढलं नाही. तीन वर्षांनी सुनेने हाताला धरून आणलं. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला मी सिलिंडर लावला आणि त्यांनी ६/९ ची ओळ वाचली, सहज. ज्या डोळ्याचं ऑपरेशन केलं नव्हतं, तो चांगला म्हणून जपलेला, त्यात मध्ये एक नळीएवढी नजर उरली होती. ते मला म्हणाले, "म्हणजे हा बरा होता?" आणि नुसते बसून राहिले. त्यांना तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दहा मिनिटं बसवून टाक्याची गोष्ट सांगितली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, आणि म्हणूनच तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करा असं मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण निर्णय कशावरून घ्यायचा ते सांगते. उजव्या डोळ्याला दिसणाऱ्या सावलीवरून नाही, शेजाऱ्यांवरून नाही. डाव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टचे, त्या दिवा दिसला की बटण दाबायच्या टेस्टचे, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, गेल्या दोन वर्षांत काळा भाग वाढलाय का, या डोळ्यासाठी तुम्हाला प्रेशर किती हवंय आणि ड्रॉप्सवर ते किती राहतंय. वाढत असेल तर सिलिंडरच्या भीतीने थांबणं म्हणजे चुणी पडेल म्हणून फाटलेलं शिवायचंच नाही असं होईल. सिलिंडरला चष्मा आहे, गेलेल्या फील्डला काहीच नाही, जगात कुठेच नाही. वाढत नसेल तर ड्रॉप्सवर राहता येईल का, लेझरचा उपयोग आहे का, हेही विचारा. हल्ली काही जणांत कॉर्नियाच्या कडेच्या बारीकशा छेदातून आतल्या आत करायची लहान ऑपरेशनं असतात, त्यात फ्लॅप आणि वरचे टाके नसल्याने सिलिंडर फारसा येत नाही, पण प्रेशर तितकं खालीही उतरत नाही, त्यामुळे ज्यांचा काचबिंदू पुढे गेलाय त्यांना ते पुरत नाही. तुमच्यात काय बसतं ते तपासणाराच सांगेल. आणि करायचं ठरलंच तर निदान उजवा डोळा स्थिर होऊन त्याला चष्मा लागेपर्यंत थांबता येईल का हे जरूर विचारा, एका वेळी एक तरी डोळा कामाचा हवा, पोट त्याच्यावर आहे.

तुमची भावंडं, मुलं यांची तपासणी झालीय का ते लिहिलं नाहीत. काचबिंदू घरात चालतो. आपल्या देशात चाळिशीपुढच्या १ कोटीहून जास्त लोकांना तो असल्याचा अंदाज आहे आणि बहुतेकांना माहीतच नाही. मुलगी लेन्सची चौकशी करतेय ना, तिला म्हणावं आधी स्वतःचं प्रेशर आणि नस तपासून ये, नुसता चष्म्याचा नंबर काढून नाही, बाहुली मोठी करून नस बघायला सांग.

आणि हो, घरी एक करा. शिवायला बसता तिथल्या भिंतीवर एक खिळा ठोका, त्याला टेप उभा लटकवा, रोज जिथे बसता तिथून दिसेल असा. दर रविवारी सकाळी, उजेड सारखा असताना, जुना चष्मा लावून डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि उजव्याने बघा की किती रेघा सुट्या दिसतात. एका वहीत तारीख टाकून लिहा. मग पुठ्ठ्याला दाभणाने एक बारीक भोक पाडा आणि त्यातून परत बघा. भोकातून स्वच्छ दिसतंय तोवर त्या सावलीची काळजी नाही. भोकातूनही आधीपेक्षा खराब दिसायला लागलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा. तीन महिने पूर्ण झाले की वही, तिन्ही कागद आणि दोन्ही केरॅटोमेट्री घेऊन नंबर काढायला बसा, आणि उभ्या टेपवरच्या रेघा सुट्या झाल्या की मला एक ओळ नक्की लिहा.